चौरंगापुरती हत्यारं

गेल्या अक्षय्य तृतीयेला, आमरसाची तिसरी वाटी संपवून, मी घरात जाहीर केलं की यंदाचा गणपती माझ्या हातच्या चौरंगावर बसेल. आमरस डोक्यात गेला की मी असं काहीबाही बोलतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे फारशी खळबळ माजली नाही. हिनं फक्त वाट्या गोळा करता करता विचारलं, “यंदाचा म्हणजे कुठल्या वर्षीचा?”

बँकेत सदतीस वर्षं काढली मी. त्यातली बरीचशी कर्जखात्यात. काही उभं करायचं म्हणजे आधी यंत्रसामग्रीची यादी, मग तीन कोटेशनं, मग मंजुरी, ही शिस्त अंगात मुरलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोनशे पानी वही काढली, वर ‘श्री’ घातला आणि खाली लिहिलं : करवत, रंधा, पटाशी, हातोडी, गुण्या. चौरंग म्हणजे तरी काय, वर एक फळी आणि खाली चार पाय. फळी कापायला करवत, गुळगुळीत करायला रंधा, खाचा पाडायला पटाशी, ठोकायला हातोडी आणि पाय काटकोनात उभा आहे की नाही ते बघायला गुण्या. पाच ओळींत काम आटोपलं होतं. तिथेच वही मिटायला हवी होती.

पण करवत चालवायची तर फळी हलता कामा नये. म्हणजे शेगडा हवा. शेगडा बसवायला भक्कम बाक हवा. बाक विकत घ्यायचा तर आपल्या घराचं दार केवढं, आणि घरीच करायचा तर त्याला करवत हवी, रंधा हवा, पटाशी हवी, आणि फळ्या घट्ट धरून ठेवायला एक बाक हवा. इथे मी पेन्सिल खाली ठेवून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. जगातला पहिला बाक कोणी आणि कशावर केला असेल?

पटाशीचंही तसंच. पटाशीला धार हवी, धारेला निसणा हवा. निसणा वापरून वापरून मधे खोलगट होतो, मग तो सपाट करायला दुसरा दगड. तो दुसरा दगड सपाट आहे कशावरून, असा प्रश्न मला रात्री दोन वाजता पडला. फेविकॉल लावलं की सांधा वाळेपर्यंत दाबून धरायला क्लॅम्प लागतात, आणि क्लॅम्पच्या बाबतीत अनुभवी मंडळींचं एकमत असं की आपल्याकडे असतील त्याहून दोन जास्तच लागतात. मग दोन जास्त मिळवून पुन्हा दोन. नालासाठी घोडं घेणारा माणूस मला पूर्वी मूर्ख वाटायचा. आता वाटतं, त्यानं निदान घोड्यावर थांबून दाखवलं.

तिसऱ्या आठवड्यात यादी त्रेसष्टवर गेली. मी तिचे तीन भाग पाडले : अत्यावश्यक, आवश्यक आणि असलेलं बरं. गंमत अशी की रोज सकाळी बघावं तर खालच्या भागातलं एखादं हत्यार रात्रीत वर सरकलेलं असायचं. वरून खाली मात्र एकही उतरलं नाही. सरकारी नोकरीतल्या पदोन्नतीसारखंच हे.

आपल्याकडचा जुना सुतार मुळात बाकाच्या भानगडीत पडायचाच नाही. जमिनीवर बैठक मारायची, फळी दोन्ही पायांत धरायची, एक टोक भिंतीला टेकवायचं आणि सुरू. पाय हाच शेगडा. माझ्या लहानपणी घरी दारं करायला आलेला सुतार मी असाच बघितलेला आहे. पायाच्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर पटाशी चालायची आणि तो आमच्या आजीशी गप्पा मारत असायचा. हत्यारं सगळी मिळून एका गोणपाटाच्या पिशवीत : वाकस, करवत, एखाददोन रंधे, तीनचार पटाश्या, गिरमिट, कानस, पक्कड. त्या पिशवीवर वाडेच्या वाडे उभे राहिले. मग आपण बाकावाचून का अडावं, असं म्हणून एका दुपारी मीही सतरंजीवर बसून पायात पुठ्ठ्याचं खोकं धरून बघितलं. पोटरीत गोळा आला तो उतरेना. मला उठवायला हिला आणि शेजारच्या मुलाला यावं लागलं. त्यानंतर मी वहीत ‘बाक’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

न्यू जर्सीत असलेल्या आमच्या चिरंजीवांचं मत वेगळं. त्याच्या गॅरेजमध्ये टेबल सॉ आहे, प्लेनर आहे, भुसा ओढून घेणारं हत्तीच्या सोंडेसारखं यंत्र आहे, आणि मोटार बाहेर बर्फात उभी असते. “बाबा, हातानं कापत बसू नका. टेबल सॉ घ्या आधी, बाकी सगळं नंतर,” तो फोनवर म्हणाला. मी टेप घेऊन आमची ड्राय बाल्कनी मोजली. साडेसहा फूट लांब, सव्वाचार फूट रुंद, त्यात वॉशिंग मशीन. प्लायचा पूर्ण ताव आठ फूट बाय चार फूट. तो टेबल सॉवरून लांबीत चिरायचा म्हणजे पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळी जागा पाहिजे. म्हणजे यंत्र स्वयंपाकघरात ठेवलं तर ताव बाल्कनीत सुरू होऊन, गॅसच्या ओट्याला वळसा न घालता सरळ, हॉलमध्ये टीव्हीसमोर बाहेर पडला असता. हिच्या मालिकेच्या वेळा सांभाळून हे जमण्यासारखं होतं. पण मी तो आराखडा घरात दाखवला नाही.

शिवाय आमच्या सोसायटीत सेक्रेटरीसाहेबांचं बेडरूम आमच्या ड्राय बाल्कनीच्या नेमकं वर आहे. रंध्याचा आवाज म्हणजे कोणी शेजारी बसून ऊस सोलतंय असा. लाकूड कोरणाऱ्या राउटरचा आवाज म्हणजे दंतवैद्यच, पण दात खोलीएवढा. यंत्रांचा प्रश्न असा आपोआप निकाली निघाला. एक ड्रिल तेवढं घेतलं. ड्रिल घेताना कोणाची परवानगी लागत नाही, कारण घरात निदान सहा फोटो भिंतीवर लागायचे बाकी असतातच.

हातहत्यारांसाठी मी बोहरी आळीत गेलो. पुण्याच्या रविवार पेठेतल्या या गल्लीत एका दुकानात नुसत्या बिजागऱ्या, शेजारच्यात नुसती चाकं, त्याच्या पलीकडे नुसते दोर आणि साखळ्या असा कारभार. दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की अख्खी आळी थांबते आणि माणसं न चिडता थांबलेल्या जागी भाव विचारू लागतात. मला हव्या त्या दुकानाचं तोंड दीड मीटरचं, पण आत ते बोगद्यासारखं लांबत गेलेलं. छतापर्यंत खणच खण, आणि प्रत्येक खणावर आत जे आहे तेच बाहेर तारेनं बांधलेलं : एक स्क्रू, एक कडी, एक खिळा. ग्रीस आणि सुतळी यांचा मिळून एक वास असतो, तो मला फार आवडतो. बँकेत कधी असा वास आला नाही.

गल्ल्यावरच्या चाचांनी मी मागितलेला लोखंडी रंधा काढून तेलकट कागदातून सोडवला. हातात घेतला तर काय वजन, काय तोल! पितळी चाक फिरवलं की पातं केसभर खाली येतं, पुन्हा उलटं फिरवलं की वर. मी ते चाक दहाबारा वेळा पुढंमागं फिरवलं.

“काय काम करायचंय, काका?”

“सुतारकाम.”

“हां, पण काय?”

“चौरंग.”

“किती पीस?”

“एक.”

चाचांनी माझ्या हातातून रंधा हलकेच घेतला, कागदात गुंडाळला आणि खोक्यात ठेवला. “तुळशीबागेत तयार मिळतो,” ते म्हणाले. “सागवानी. पॉलिश केलेला.”

माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसून किती जणांनी हे ऐकलं असेल! तुमचा प्रकल्प किफायतशीर वाटत नाही, हे मी जास्तीत जास्त सभ्य भाषेत सांगायचो, पण खोक्यात परत जाणारा रंधा माझ्याजवळ नव्हता. मी मान खाली घालून एक करवत, एक गुण्या आणि एक हातोडी मागितली. चाचांनी ती दिली, आणि बहुधा माझं तोंड बघून दया आली म्हणून पटाश्यांचा संच पुढे केला. सहा पटाश्या, पाव इंचापासून सव्वा इंचापर्यंत, प्लॅस्टिकच्या पाकिटात ओळीनं उभ्या. सुट्या चार घेतल्या तर जेवढे पैसे, जवळपास तेवढ्यातच सहा. मी सहा घेतल्या.

घरी येऊन त्या टेबलावर मांडल्या आणि सहाव्या पटाशीशी माझं बोट अडलं.

1986 च्या सुमाराची गोष्ट. तालुक्याच्या गावी मी नवा नवा फील्ड ऑफिसर होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस, बँकेच्या बाहेर सकाळपासून रांग. ग्रामीण कारागिराला खर्चाच्या एकतृतीयांश अनुदान आणि बाकीचं कर्ज, अशी योजना. वाडीवरचा एक सुतार अर्ज घेऊन आला. बैलगाड्यांची चाकं, तिफणी, कुळव, असली शेतीची कामं करणारा. बलुतं संपत आलेलं, रोखीची कामं अजून नीट सुरू झालेली नाहीत, असा मधला काळ. त्याच्या अर्जातली हत्यारांची यादी मला आजही दिसते, कारण ती मी लाल पेन्सिलीनं तपासली होती. ‘पटाश्या 8, रंधे 3.’ मी पटाश्यांच्या आठाचे चार केले आणि रंध्यांच्या तिनाचा एक.

“आठ कशाला लागतात?” मी विचारलं होतं. वय सत्तावीस, गळ्यात टाय, आणि आयुष्यात एकही खिळा सरळ ठोकलेला नाही.

तो म्हणाला, “सायेब, चाकाच्या मधल्या ओंडक्यात आरं बसवायची भोकं खोल असत्यात. त्याला येगळी पटाशी लागती. रुंदबी नको, पातळबी नको.” रंध्याबद्दल तो म्हणाला की ओबडधोबड तासायचा एक आणि शेवटचा हात फिरवायचा एक, एकानं दोन्ही होत नाही. मग माझ्याकडे बघून गप्प बसला. अंगठा उठवला, गेला.

चारसहा महिन्यांनी मी तपासणीला गेलो. कर्जाच्या पैशानं घेतलेली वस्तू जागेवर आहे की नाही ते बघून कागदावर सही करायची, हे आमचं काम. बाभळीखाली तो बसला होता आणि शेजारी तीन रंधे होते. मी म्हटलं, मंजूर तर एकच होता. तो हसला. दुकानातून त्यानं रंधा घेतलाच नव्हता. तेवढ्याच पैशांत नुसती तीन पाती घेतली होती, आणि लाकडी अंगं घरीच केली होती, बाभळीच्या एका ओंडक्यातून. पात्याला वरून पाचर ठोकायची, की रंधा तयार. पातं कमीजास्त करायचं तर हातोडीनं एक टिचकी पुढून किंवा मागून. पितळी चाक वगैरे काही नाही. मी वहीत ‘रंधा 1, स्थिती चांगली’ असं लिहिलं, कारण तीन लिहिले असते तर हिशेब जुळला नसता. पटाश्या मात्र चारच होत्या. त्या घरी करता येत नाहीत.

आता सुतारांसाठी पंतप्रधान विश्वकर्मा योजना आहे, 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेली, अठरा व्यवसायांसाठी. हत्यारांच्या संचासाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते त्यात. माझ्या वहीची बेरीज तोवर 23,400 वर गेली होती. बाक न धरता. चौरंग शून्य. मी अर्जदार असतो तर मी मला उभं केलं नसतं.

बचावासाठी मी हिला पुस्तकातला दाखला दिला. ख्रिस्तोफर श्वार्झ नावाच्या अमेरिकन माणसानं 2011 साली ‘द अनार्किस्ट्स टूल चेस्ट’ हे पुस्तक लिहिलं, त्यात तो सांगतो की फार पसारा नको, एका पेटीत मावतील अशी पन्नासेक हातहत्यारं पुरतात. पसाऱ्याविरुद्ध बंड केलेल्या माणसाला पन्नास लागतात, तर पेन्शनरला त्रेसष्ट म्हणजे काही फार नाहीत. तिला पटलं नाही. मग मी सीटनचं नाव काढलं.

इंग्लंडमध्ये चॅटम गावी बेंजामिन सीटन म्हणून एक तरुण होता. 1796 साली त्याच्या वडिलांनी लंडनच्या ख्रिस्तोफर गॅब्रिएलच्या दुकानातून त्याला सुतारकामाची हत्यारं घेऊन दिली, एकदोन नव्हे, भरगच्च संच. पोरानं काय केलं, तर हत्यारं ठेवायला एक देखणी पेटी केली, आतले कप्पे नक्षीदार केले, हत्यारांची यादी लिहून ठेवली. आणि मग ती हत्यारं फारशी वापरलीच नाहीत. त्यामुळेच आज रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात ती जवळजवळ कोरी बघायला मिळतात आणि त्या काळी कोणतं हत्यार नेमकं कसं असायचं हे अभ्यासकांना समजतं. कामसू सुतारांची हत्यारं झिजून, धार लावून लावून आखूड होऊन, कधीच भंगारात गेली. सीटननं हातावर हात ठेवून केवढी मोठी सेवा केली बघ, असं मी म्हटलं.

“पेटी तरी केली त्यानं,” ही म्हणाली.

लोखंडी रंधा चाचांनी खोक्यात ठेवला तो ठेवलाच. रंधा मला मिळाला जुन्या बाजारात. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो तो. फुटक्या मिक्सरची भांडी, एका पायातले बूट, पितळी नळ, घड्याळांचे काटे, असल्या पथारीवर तो पडला होता. लाकडी, वीतभरापेक्षा थोडा मोठा, तेलानं आणि घामानं इतका काळा पडलेला की बाभळीचा का शिसवीचा ते कळेना. डावा अंगठा टेकतो त्या जागी लाकडात एक खळगा झालेला. मी माझा अंगठा ठेवून बघितला. बरोबर बसला नाही, माझा हात लहान. पातं गंजलेलं, पण बोटभर शिल्लक होतं. आणि पाचर बसते त्या खोबणीत, नखानं कुरतडलं तर निघेल असं, वाळलेलं कुंकू. कुठल्या तरी खंडेनवमीचं.

विक्रेता चारशे म्हणाला, वर “अँटिक आहे” असंही म्हणाला. मी अडीचशेला घेतला. तीन कोटेशनं घेतली नाहीत.

जूनमध्ये वरच्या मजल्यावर एकांच्या घरी फर्निचरचं काम निघालं. मिस्त्री राजस्थानातला, पंधरा वर्षं पुण्यात, मराठी माझ्यापेक्षा वेगात बोलणारा. लिफ्ट बंद होती म्हणून आमच्या दारात प्लाय टेकवून दम खात होता, तेव्हा मी त्याला चहाला आत घेतला आणि सहज दाखवतोय असं दाखवत हत्यारं दाखवली. भिंतीवर मी ती मापानुसार टांगली होती, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं आकार काढून. त्यानं सहा पटाश्या एकेक करून उचलल्या, अंगठ्याचं पोट धारेवरून आडवं फिरवलं आणि परत ठेवल्या.

“काका, ह्याला धार कुठेय?”

“नवीन आहेत,” मी म्हटलं.

“नवीन म्हणजे बिनधारेच्या,” तो म्हणाला. मला वाटलं होतं की सुरी जशी दुकानातून कापतीच येते, तसंच हेही. पण कारखान्यातून पटाशी फक्त उतार पाडून येते, त्यावरची शेवटची धार ज्यानं त्यानं आपली लावायची असते. तो खाली बसला, निसण्यावर चहाच्या ग्लासातलंच पाणी शिंपडलं, आधी पटाशीची पाठ घासली, आरशासारखी होईपर्यंत, मग उतार. मनगट जराही हलत नव्हतं, अख्खं शरीर पुढंमागं होत होतं. पाच मिनिटांत त्यानं पटाशी दंडावर टेकवली आणि हलकीशी ओढली. चार केस उडाले. पुढची पाच मिनिटं त्यानं जुन्या रंध्याच्या पात्याला दिली. पाचर ठोकली, एक डोळा मिटून रंध्याच्या पोटाकडून बघितलं, पातं हातोडीनं टिचकी मारून सरळ केलं आणि माझ्या टाकाऊ फळीवरून एकदा ओढला. सळ्ळ असा आवाज झाला आणि रंध्याच्या तोंडातून कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ साल गुंडाळी होत बाहेर आली. तिच्यातून खिडकी दिसत होती. ती साल मी वहीत दाबून ठेवली आहे.

जाताना त्यानं भिंतीकडे पुन्हा एकदा नजर टाकली. “सगळं आहे, काका. पेन्सिल कुठेय?”

पेन्सिल नव्हती. आकार काढून झाल्यावर कुठे ठेवली ते सापडेना. त्याच्या कानावर होती तीच तो मला देऊन गेला. ती मी संध्याकाळपर्यंत हरवली.

धार असलेला रंधा घरात असणं धोक्याचं असतं. जुलैत चार दिवस पावसानं झोडपलं आणि ड्राय बाल्कनीचं दार चौकटीत अडकायला लागलं. दरवर्षीच अडकतं. ही खांदा देऊन उघडते आणि लाथ मारून लावते, एवढंच. या वर्षी मी म्हटलं, थांब. दार बिजागऱ्यांतून काढलं, आडवं केलं, कडेवर जुना रंधा धरला आणि मारला. सळ्ळ. पुन्हा मारला. एकदा हात बसला की थांबणं किती अवघड असतं हे कोणी सांगितलं नव्हतं. ओल्या लाकडाची साल आणखीनच सुरेख येते. वॉशिंग मशीनवर, वाळत घातलेल्या टॉवेलांवर, हिच्या तुळशीच्या कुंडीत, सगळीकडे कुरळ्या सालींचा सडा पडला. दार परत बसवलं तर करंगळीनं ढकललं तरी लागायचं. ही दोनदा लावून उघडून बघायला आली. या घरात माझ्या कामाची एवढी तपासणी पूर्वी कधी झालेली नाही.

मिस्त्री दोन दिवसांनी जिन्यातून जाताना डोकावला. मी मोठ्या अभिमानानं दार दाखवलं. त्यानं कडेवरून हात फिरवला.

“पावसात रंधा मारला?”

“अडकत होतं.”

“पावसात फुगतंच. लाकूड आडवं फुगतं, आडवं आटतं. थांबायचं असतं, काका.”

“किती दिवस?”

“दिवाळीपर्यंत.” आणि तो चौथ्या मजल्यावर निघून गेला.

चौरंगाचं म्हणाल तर गणपतीच्या आदल्या रात्रीपर्यंत तीन पाय झाले होते. सागवानी, कुसू पाडलेले, फळीतल्या खाचांत हातोडीच्या दोन ठोक्यांत घट्ट बसणारे. चौथ्या पायाचं कुसू मी जरा जास्त उत्साहानं तासलं. फळी उलटी धरली की तो पाय सुरकन बाहेर येऊन जमिनीवर पडायचा. “तिपाई झालीये की,” ही म्हणाली आणि कपाटावरून जुना चौरंग काढून पुसायला घेतला. गणपती त्याच्यावर दीड दिवस बसले. नेहमीसारखेच प्रसन्न दिसत होते.

खंडेनवमीला मी सगळी हत्यारं पाटावर मांडली. ड्रिललाही हळदकुंकू लावलं, सोन्यासारखं जपलेल्या त्याच्या खोक्यालाही. सहा पटाश्यांतली पाऊण इंची तेवढी काळवंडलेली, बाकीच्या पाच चकचकीत. जुन्या रंध्याच्या खोबणीत तर आधीचं कुंकू होतंच, माझं त्याच्यावर बसलं. वाडीवरच्या त्या सुताराच्या वाटच्या चार पटाश्या मी खोडल्या, आणि माझ्याकडे पाच रिकाम्या पडून आहेत. हिशेब केला तर एक जास्तच येते. तो आज असेल की नाही, ठाऊक नाही.

दिवाळी झाली. दारानं आटायला सुरुवात केली.

परवा जानेवारीतल्या थंडीत पहाटे साडेपाचला ही चहाला उठली आणि स्वयंपाकघरातूनच ओरडली. ड्राय बाल्कनीच्या दाराच्या फटीतून वारा सरळ गॅसवर येत होता. शेगडी पेटवली की ज्योत आडवी पडायची. मी स्वेटर घालून, टेप घेऊन आलो आणि फट मोजली : वर तीन सूत, खाली दोन सूत. एक इंचाचे आठ सूत, म्हणजे तसं बघितलं तर फार नव्हतं. हिनं जुन्या सुती साडीची लांब घडी केली आणि बोटांनी दाबत दाबत फटीत वरपासून खालपर्यंत भरली. ज्योत सरळ झाली.

फटीत सागवानाची एक बारीक पट्टी बसवता आली असती. त्यासाठी लागेल काय, ते टिपून ठेवावं म्हणून वही उघडली. पेन्सिल सापडेना. हिनं फ्रिजवरचं पेन दिलं.